‘आमच्या रक्तात नाही’ म्हणणारे मिस्टर आणि आईच्या रिपोर्टवरचं म्युटेशन

पत्र असं आहे:

“मी ३८ वर्षांची, नाशिकला राहते. मिस्टर ४४ वर्षांचे, एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. २२ वर्षांपासून सिगारेट ओढतात, दिवसाला आठ. सासरे बिडी ओढायचे, ६१व्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. त्या धक्क्यानं यांनी काही महिने सिगारेट सोडली होती. मग दिरांनी ऑनलाइन लाळेची जनुकीय चाचणी मागवली, दोघा भावांनी केली. यांच्या रिपोर्टमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरपुढे हिरवा गोल आला, ‘सरासरीपेक्षा कमी जोखीम’. तेव्हापासून ‘आमच्या रक्तात नाही’ म्हणत पुन्हा सुरू. चुलतसासरे ८२ वर्षांचे, अजून बिडी ओढतात, ते उदाहरण तोंडावर फेकतात. शिवाय कोणीतरी सांगितलं म्हणून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेतात, ‘फुप्फुसं साफ राहतात’ म्हणे.

दुसरीकडे माझी आई, वय ६२. सिगारेट-बिडी सोडाच, मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. जन्मभर चुलीवर स्वयंपाक. खोकला थांबेना म्हणून आधी टीबीच्या गोळ्या चार महिने दिल्या, मग बायोप्सीत फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ‘ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन’ असं आहे. जाऊबाई म्हणाल्या, म्युटेशन म्हणजे आनुवंशिक, तुझ्यात आणि पोरींत असणारच. माझ्या मुली १६ आणि ११ वर्षांच्या आहेत. सासूबाई सांगतात, बाहेर बोलू नका, पोरींची लग्नं व्हायचीत. आम्ही तिघींनी चाचणी करावी का? न ओढणाऱ्या आईला झाला आणि ओढणाऱ्या चुलतसासऱ्यांना काहीच नाही, मग सगळा खेळ जनुकांचाच नाही का?”

ताई,

तुमच्या घरात एकाच आजाराबद्दल दोन उलट्या समजुती सुखानं नांदतायत. मिस्टरांना वाटतं, जनुकं चांगली म्हणून आपण सुटलो. तुम्हाला वाटतं, जनुकं वाईट म्हणून आपण अडकलो. दोघंही जनुकांना नको तेवढा मान देताय.

आधी आईच्या रिपोर्टचं बघू, कारण तुमची झोप त्यानं उडवलीय. तो कागद पुन्हा हातात घ्या आणि वरच्या भागात ‘स्पेसिमेन’ लिहिलेली ओळ शोधा. तिथे फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा किंवा पॅराफिन ब्लॉक असं काहीतरी असेल. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो हा ब्लॉक. कधीकधी ही तपासणी रक्तावरही करतात, पण तिथेही शोधतात तो गाठीतून रक्तात सुटलेला डीएनए. सांगायचं म्हणजे, प्रयोगशाळेनं तुमच्या आईची जन्मजात जनुकं तपासलेलीच नाहीत. तपासलीत ती गाठीची.

या दोन्हींत फरक काय? तलाठ्याकडचा मूळ सातबारा शाबूत आहे, पण झेरॉक्स काढताना एका प्रतीत एक ओळ गळली आणि पुढे त्याच प्रतीवरून प्रती निघत गेल्या, असं समजा. तुम्हाला ३८ वर्षांपूर्वी मिळालं ते मूळ उताऱ्यावरून. ओळ गळलेली प्रत आईच्या फुप्फुसात, तिच्या आयुष्यात कधीतरी तयार झाली. ती तुमच्याकडे आलेली नाही आणि तुमच्याकडून मुलींकडे जायचा प्रश्नच नाही.

‘डिलीशन’चा अर्थ खरोखरच गळणं. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, बाहेरून आलेला वाढीचा निरोप आत पोचवणारं. त्याच्या जनुकातल्या ‘एक्झॉन १९’ नावाच्या तुकड्यातली डीएनएची थोडी अक्षरं, बहुतेकदा १५, गळून पडली की निरोप आलेला नसतानाही ते आत ‘वाढा, वाढा’ सांगत राहतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या लक्षात आलं की जेफिटिनिब नावाची गोळी ज्या थोड्या रुग्णांना विलक्षण लागू पडत होती, त्यांच्या गाठींत नेमके हेच बदल होते. तेव्हापासून ही तपासणी रूढ झाली. म्हणून तुम्हाला ज्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दानं धडकी भरली, तो वाचून आईच्या डॉक्टरांना थोडं हायसं वाटलं असणार. या गाठीसाठी नेम धरून मारणारी गोळी उपलब्ध आहे, असा त्याचा अर्थ.

हा बदल न ओढणाऱ्यांत, बायकांत आणि आशियाई लोकांत जास्त सापडतो. पूर्व आशियात या प्रकारच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत, युरोप-अमेरिकेत दहांतल्या एक-दोघांत, आणि आपण मध्ये. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या नोंदींत सुमारे चौथा हिस्सा. त्याच रुग्णालयातून २०१२ मध्ये आलेल्या एका पाहणीत फुप्फुसाच्या कॅन्सरचे निम्म्याच्या आसपास रुग्ण कधीच न ओढणारे होते. तेव्हा तुमच्या आईचं काही जगावेगळं झालेलं नाही. आपल्याकडे ‘बिडी-सिगारेट नाही, म्हणजे टीबीच असेल’ असं धरून चालतात, त्यात तिचे चार महिने गेले. यापुढे घरात कोणाचाही खोकला तीन आठवड्यांवर गेला, तर थुंकीची तपासणी झाल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करू देऊ नका. आणि थुंकीत काही सापडत नसेल, गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅनचा विषय तुम्ही स्वतः काढा.

ईजीएफआरमधला बदल जन्मजात असलेली कुटुंबंही जगात आहेत, पण अगदी मोजकी. त्यांत सहसा टी७९०एम नावाचा निराळाच बदल असतो. आईच्या रिपोर्टवर एक्झॉन १९ आहे. जाऊबाईंना एवढं सांगून विषय मिटवा.

मग आईला झाला कशामुळे? एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवता येत नाही, पण चुलीचा धूर संशयितांत पहिला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाचा अभ्यास करणारी संस्था, आयएआरसी, घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर ‘नक्की कारण’ या गटात ठेवते आणि लाकूडफाट्याचा धूर ‘बहुधा कारण’ या गटात. चीनमध्ये युन्नान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथे घराच्या मध्यभागी उघड्या खळग्यात धुराचा कोळसा जाळायचे. बायका ओढत नसत, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण भयंकर. पुढे लोकांनी धुरांड्याच्या शेगड्या बसवल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा घरांतलं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं, बायकांत आणि पुरुषांतही. माणसं तीच, जनुकं तीच, बदललं ते फक्त धुराचं तोंड. गावी अजून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच होत असेल, तर गॅस असूनही चूल का पेटते ते बघा आणि निदान ती पडवीत न्या.

सूक्ष्म धुळीबद्दल २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधून एक महत्त्वाचं काम आलं. निरोगी फुप्फुसांतही वयपरत्वे ईजीएफआर बिघडलेल्या काही पेशी निपचित पडलेल्या असतात. हवेतले कण त्या पेशी नव्यानं घडवत नाहीत. सूज आणून निजलेल्यांना जागं करतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बिघाड जनुकातलाच, पण जन्माबरोबर आलेला नव्हे, आणि तो उठून बसायला बाहेरून काहीतरी ढोसावं लागतं.

आता तुमचं आणि मुलींचं. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तर धोका साधारण दीड ते दोन पट धरतात. ‘दुप्पट’ ऐकून दचकू नका, कशाच्या दुप्पट ते विचारा. ब्रिटनच्या आकडेवारीत, न ओढणाऱ्या माणसाला ७५ वर्षांपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. तिची दुप्पट केली तरी ती लहानच राहते. शिवाय या दीड-दोन पटीत जनुकांखेरीज एकाच छपराखालचा धूरही मिसळलेला आहे, तो वेगळा काढता येत नाही. स्कँडिनेव्हियातल्या जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासात माणसामाणसांतल्या फरकापैकी १८ टक्क्यांच्या आसपास भाग आनुवंशिक निघाला. शून्य नाही, पण घर हादरावं इतकाही नाही. मुलींची चाचणी करू नका. काहीही निघालं तरी तुम्ही त्यांना जे सांगाल, ते चाचणी न करताही सांगायचंच आहे.

तैवानमध्ये २०२२ पासून जवळच्या नात्यात हा आजार असलेल्या, कधी न ओढलेल्या मध्यमवयीन लोकांचंही सरकार स्कॅन करतं. आपल्याकडे तशी योजना नाही आणि तुम्ही अजून चाळिशीच्या आत आहात. पंचेचाळिशीनंतर छातीच्या डॉक्टरांशी हा विषय काढा, आज त्यासाठी धावपळ नको.

आईकडून काय आलं याची तुम्ही एवढी चिंता करताय, आणि मिस्टर कुठे ओढतात ते पत्रात लिहिलंच नाही! गॅलरीत? जेवणानंतर हॉलमध्ये, पंखा लावून? १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांचा १४ वर्षांचा हिशेब मांडला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. तंबाखू कंपन्यांनी त्यांच्यावर झोड उठवली, पण नंतरच्या ढीगभर अभ्यासांत तेच आलं: न ओढणाऱ्या जोडीदाराचा धोका साधारण २० ते ३० टक्के वाढतो. आईच्या वारशाचं तुम्ही काही करू शकत नाही, हॉलमधल्या धुराचं करू शकता. मुली सोळा आणि अकरा वर्षांच्या आहेत, त्या कारणावर मिस्टर भांडणार नाहीत. दाराच्या आत सिगारेट पेटणार नाही, हा नियम आजपासून. सोडायची तेव्हा सोडतील, हा नियम त्याची वाट बघत थांबत नाही.

मिस्टरांच्या हिरव्या गोलाकडे येते. त्यांचा युक्तिवाद फार घरंदाज आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तेव्हा त्यांच्यावर तुटून पडणारा माणूस साधासुधा नव्हता. रोनाल्ड फिशर, आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला आणि आनुवंशशास्त्रातलाही मोठा माणूस. स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. त्याचं म्हणणं असं की, सिगारेटनं कॅन्सर होतो हे कशावरून? एखादं जनुक माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. म्हणजे ‘रक्तात असेल तर होईल, नसेल तर नाही’, फक्त केंब्रिजच्या इंग्रजीत.

गंमत अशी की पुढे, २००८ मध्ये, तसं जनुक सापडलं. एकाच वर्षी तीन संशोधक गटांनी पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेवर बोट ठेवलं. तिथली जनुकं ‘ग्राहक’ (रिसेप्टर) घडवतात, म्हणजे पेशीवरची प्रथिनं, ज्यांना निकोटीन चिकटतं. त्यातल्या सीएचआरएनए५ या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. तो एका प्रतीत असला तर कॅन्सरचा धोका ३० टक्क्यांच्या आसपास वाढतो, दोन्हींत असला तर ८०. फिशरसाहेब बरोबर होते म्हणायचे?

अर्ध्या आण्याइतके. हा ग्राहक मेंदूतल्या हॅबेन्युला नावाच्या बारक्या भागात भरपूर असतो आणि तिथे त्याचं काम ब्रेकचं. निकोटीन जास्त झालं की मळमळ, किळस, ‘पुरे आता’ ही भावना तिथून येते. अक्षर बदललं की ब्रेक ढिला. माणूस झुरका अधिक खोल घेतो, अधिक वेळा घेतो आणि सोडताना जास्त तडफडतो. जनुकाचा बराचसा जोर सिगारेटच्या वाटेनंच फुप्फुसापर्यंत पोचतो. ज्यांनी कधी तंबाखू पेटवलीच नाही, त्यांच्यात या फरकाचा परिणाम बहुतेक अभ्यासांत दिसत नाही. आणि आकार बघा: जनुकाचे ३० किंवा ८० टक्के एकीकडे, पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीत सिगारेटचे १५ ते ३० पट दुसरीकडे. जुळ्यांनी उरलासुरला वादही मिटवला. फिनलंडमध्ये आणि पुढे शेजारच्या देशांत एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या शोधल्या, ज्यांत एक ओढतो आणि दुसरा नाही. रक्त तंतोतंत तेच. कॅन्सर मुख्यतः ओढणाऱ्याच्या वाट्याला आला.

लाळेच्या चाचणीत अशीच काही अक्षरं मोजून बेरीज केलेली असते. जीएसटीएम१ हेही अशा यादीत सहसा असतं, धुरातली विषारी द्रव्यं निकामी करणारं एक विकर बनवणारं जनुक. युरोपातल्या निम्म्या लोकांत ते अजिबात नसतं, आणि त्या निम्म्यांना काही सरसकट कॅन्सर होत नाही. या बेरजा मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरून बसवलेल्या आहेत. त्या नाशिकच्या माणसावर तशाच चिकटवल्या की गोलाचा रंग अंदाजपंचे होतो. शिवाय ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणजे कोणाच्या सरासरीपेक्षा? त्या गोलाला मिस्टरांच्या खिशातलं पाकीट दिसत नाही. ‘कमी जोखमीच्या’ अक्षरांचा ओढणारा माणूस ‘जास्त जोखमीच्या’ न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्यात असतो. माझं स्पष्ट मत, अशा चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी १८ अभ्यास एकत्र तपासले: जनुकीय धोका कळल्यानं लोक सिगारेट सोडतात का, खाणं सुधारतात का? फरक पडत नाही असं निघालं. तुमच्याकडे तर उलटाच पडला.

चुलतसासऱ्यांचं उदाहरण खोडायला जाऊ नका, ते खरं आहे. ब्रिटनमधला हिशेब असा: जन्मभर ओढणाऱ्या शंभर पुरुषांपैकी १६ जणांना पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कॅन्सर होतो. म्हणजे ८४ जणांना होत नाही, चुलतसासरे त्यांतले. पण त्या ८४ मधले कितीतरी हृदयविकारानं, पक्षाघातानं, दम्यासारख्या सीओपीडीनं आधीच गेलेले असतात. पारावर बिडी ओढत बसलेले म्हातारे आपल्याला दिसतात. पंचावन्नाव्या वर्षी गेलेले पारावर नसतात, म्हणून मोजले जात नाहीत. तुमच्या सासऱ्यांची जागा तिथे रिकामीच आहे. आणि मिस्टरांना हेही विचारा, चुलत्याची जनुकं मोजायची आणि वडिलांची नाही, हा कुठला न्याय?

याच हिशेबाचा पुढचा भाग त्यांना जरूर वाचून दाखवा. साठीला सोडली तर १६ चे १० होतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ३, तिशीला २. आकडे ब्रिटिश माणसांचे आहेत, आपल्याकडे ते जसेच्या तसे बसणार नाहीत, पण उतार तोच. मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, म्हणजे तीन आणि सहाच्या मध्ये उभे. सीएचआरएनए५ वाल्यांनी सोडून काय उपयोग, असंही नाही. २०१६ मधल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात ते अक्षर असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांना सोडल्याचा फायदा झाला.

फुप्फुसाच्या आत काय होतं तेही आता प्रत्यक्ष मोजलंय. रोज एक पाकीट, म्हणजे वीस सिगारेटी, वर्षभर ओढल्या की फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० नवे बदल होतात. मिस्टरांच्या आठांच्या हिशेबानं, ढोबळ त्रैराशिक मांडलं तर वर्षाला ६० आणि २२ वर्षांत हजाराच्या वर. हेच ते झेरॉक्समधले घोटाळे. पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना सोडलेल्या लोकांच्या श्वासनलिकेत एक अनपेक्षित गोष्ट सापडली. काही जणांत ४० टक्क्यांपर्यंत पेशी जवळपास न ओढणाऱ्यासारख्या कोऱ्या होत्या, अजून ओढणाऱ्यांच्या चौपट. कुठेतरी शाबूत राहिलेल्या पेशी धूर थांबल्यावर पसरून खराब झालेल्यांची जागा घेतात, असा त्याचा अर्थ लावतात. त्यांना ती संधी द्यायची तर धूर पूर्ण थांबावा लागतो.

‘आठच तर ओढतो’ या वाक्याला नॉर्वेचं उत्तर आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसाला एक ते चार ओढणाऱ्या पुरुषांतही फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मात्र आजच्या आज बंद करायला सांगा, यात चर्चा नको. फिनलंडमध्ये २९ हजारांवर ओढणाऱ्या पुरुषांना त्या देऊन बघितल्या. १९९४ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला दुसरा प्रयोग तर १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथे २८ टक्के जास्त. गाजर खाऊ दे हवं तेवढं, त्रास गोळीतल्या मोठ्या मात्रेचा आहे.

वर्कशॉपचा विषय तुम्ही ओझरता लिहिलाय, मला तो महत्त्वाचा वाटतो. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून आयएआरसीच्या ‘नक्की कारण’ गटात आहे. डोळ्यांपुढे काळी काच धरतात, नाकापुढे काय धरतात? रुमाल बांधून धातूचा धूर अडत नाही. वेल्डिंगसाठीचा रेस्पिरेटर लागतो आणि धूर खेचणारा पंखा कामाच्या जागेजवळ लागतो, छताला नव्हे. शॉपमालकाकडे चार वेल्डरांनी मिळून मागितलं तर मिळतं, एकट्यानं मागितलं तर ‘बघू’ होतं.

मिस्टरांचा सीटी करावा का, हा पुढचा प्रश्न असेल. अमेरिकेत स्क्रीनिंगसाठी, म्हणजे लक्षणं नसताना करायच्या तपासणीसाठी, वय ५० च्या पुढे आणि ‘२० पॅक-वर्षं’ लागतात. रोज वीसचं एक पाकीट वर्षभर ओढलं की एक पॅक-वर्ष. मिस्टरांचा हिशेब: ८ भागिले २०, गुणिले २२, जवळपास ९. बसत नाहीत. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात आणि नसत्या बायोप्सी मागे लागतात, ते वेगळंच. साध्या एक्स-रेनं दरवर्षी तपासून मृत्यू कमी होत नाहीत, हे अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात २०११ मध्येच दिसलंय. त्यांना लक्षणं असतील, थुंकीत रक्त, बसलेला आवाज, कारण नसताना घटलेलं वजन, तर गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच दाखवायचं.

सोडण्याबद्दल एवढंच सांगते की धाक दाखवून जमत नाही, आणि तुम्ही पहारेकरी होऊ नका. त्यांनी एकदा काही महिने सोडली होती, हे भांडवल मोठं आहे. तेव्हा कशानं जमलं आणि हिरव्या गोलाआधी ओढ किती उरली होती, ते निवांतपणे विचारा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर ओढ पक्की समजा. मग नुसत्या निश्चयावर सोडू नका, डॉक्टरांकडून निकोटीनची च्युइंगगम किंवा औषध घ्या. ही गम सलग चघळायची नाही. दोन-चारदा चावून जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, आणि चहानंतर १५ मिनिटं तरी थांबायचं, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. एमआयडीसीत चहा आणि सिगारेट एकाच टपरीवर मिळतात, त्यामुळे हे पथ्य त्यांना सगळ्यात जड जाईल. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे. आणि ‘सिगारेट सोडली, आता फक्त मावा’ हा आपल्याकडचा आवडता तोडगा चालणार नाही; त्यात आजाराचा मुक्काम फुप्फुसातून तोंडात हलतो.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्या पिढीत कॅन्सर हा शब्दही कुजबुजत उच्चारायचे. पण लपवण्यासारखं इथे काही नाहीच. आजीच्या गाठीतला बदल नातींकडे येत नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे, तेच सासूबाईंना सांगा आणि उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी विचारलं तर त्यांनाही. तेवढ्यावरून मागे फिरणारं घर मुलीला नसलेलंच बरं. मला विचाराल तर सासरच्या बाजूनं चौकशी करताना मुलगा सिगारेट ओढतो का, हे मुलींनीच विचारावं.

आईच्या पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक्झॉन १९ साठी कोणती गोळी सुरू करताय, जुनी जेफिटिनिब की नवी ऑसिमर्टिनिब, आणि दोन्हींत खर्चाचा आणि परिणामाचा फरक काय? आणि आजार मेंदूत पसरलेला नाही ना हे बघायला मेंदूचा एमआरआय झालाय का? जेफिटिनिब भारतीय कंपन्या बनवतात, ती परवडते. नवी महाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ येणं, जुलाब होणं, नखांच्या कडा दुखणं हे होऊ शकतं आणि त्यावर उपाय असतात. घाबरून गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आधी ओपीडीत फोन करा.